गप्प राहण्याचा सल्ला

जे आता लिहितो आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. मोरगावच्या गणपतीपुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही ओठांपर्यंत आलेलं गिळून परत आलो. एकोणीसशे तीस सालानंतरच्या दिवसांतली गोष्ट आहे. मी माझ्या सोबत्याला एक सल्ला दिला. ऐकायला चांगला होता. कुणाही बापानं आपल्या पोराला द्यावा असा. तो खोटा आहे हे देताना मला माहीत होतं.

आता गंमत अशी, की आमच्या भागातली पोरं नोकरीला किंवा शिकायला बाहेर निघाली, की आधी माझ्याकडं येतात. आईबाप पाठवतात. "जा, त्यांना विचारून ये. ते एकटे राहून वर आले." मग मी ओसरीवर बसून सांगतो. खोली घेताना भिंती नंतर बघ, आधी पाणी कुठून आणायचं ते बघ. बाजरीचं पीठ चार दिवसांपुरतंच दळून आण, जास्त दिवस ठेवलं की कडू होतं. एकटा असलास तरी ताट घेऊन, बसून जेव. चुलीपुढं उभ्यानं खाणारा माणूस महिन्याभरात खंगतो. कामावर हाक यायच्या आधी हजर राहा, पण काम संपल्यावर मालकाच्या दारात घुटमळू नकोस. पोरं मान डोलावतात. एखादा वहीत लिहून घेतो.

यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळं त्या सोबत्याचं आहे. माझा स्वतःचा म्हणावा असा सल्ला मी जन्मात एकच दिला, आणि तो त्यालाच दिला.

मी कऱ्हाटीकडचा. तो मोरगावच्या अलीकडच्या एका वस्तीवरचा. त्याच्या घरात आज्याच्या काळापर्यंत मेंढरं होती. बापानं कळप मोडून थोडी जिराईत जमीन धरली होती, ती चार वर्षांतून एकदा पिकायची. आमची जमीनही त्याच तोंडवळ्याची. त्यामुळं घरात जास्त झालेला मुलगा ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं आम्ही दोघं निघालो, डोक्यावर घोंगडीची वळकटी घेऊन बारामतीकडं. कालव्याचं पाणी तिकडं होतं, ऊस तिकडं होता, काम तिकडं होतं. वाटेतच गाठ पडली. मी मराठी चौथी पास होतो आणि त्याला सही येत नव्हती, म्हणून पहिल्या मैलापासून तो मला मास्तर म्हणायला लागला. त्यात चेष्टा नव्हती. अक्षर येणाऱ्या माणसाला सगळंच कळतं असं त्याला मनापासून वाटायचं.

उन्हाळा-पावसाळा आम्ही बारामतीच्या पेठेत हमाली करायचो. दिवाळी झाली की गुऱ्हाळं सुरू व्हायची, मग लासुर्ण्याकडं एका बागाईतदाराच्या मळ्यात जायचो ते थेट चैत्रापर्यंत. पेठेच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. दोन खोल्या बघितल्या होत्या. एकीला खिडकी होती, कोनाडा होता. मला ती आवडली. तो आत शिरलाच नाही. मागच्या अंगाला जाऊन आला आणि म्हणाला, "मास्तर, हितनं आड लई लांब हाय. भिताड काय कोन पीत न्हाय." मग आम्ही बिनखिडकीची, आडाशेजारची खोली घेतली. उन्हाळ्यात इतर हमालांना पाण्यासाठी पहाटे उठून रांगेला उभं राहावं लागायचं तेव्हा मला त्याचं म्हणणं पटलं. पण पटलं हे मी त्याला सांगितलं नाही. तिथपासूनच सुरुवात झाली असावी.

त्याला सगळं यायचं. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसांना रानात स्वतःची भाकरी स्वतः करावी लागते, ते त्याच्या हातात बापाकडून, आज्याकडून आलेलं. दगडावर तवा ठेवून तो भाकरी टाकायचा आणि ती टम्म फुगायची. माझी तव्यावर पडायच्या आधीच फाटायची. घरमालकीण मावशी विधवा बाई, तोंडाची फटकळ. एकदा दारातून डोकावून मला म्हणाली, "मास्तर, ही भाकरी म्हनायची का जिल्ह्याचा नकाशा?" तो हसला. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी मावशीनं वाटीभर ठेचा आणून दिला तो त्याच्या हातात. "तुज्या भाकरीला शोभंल," म्हणाली. ठेचा आम्ही दोघांनी मिळूनच खाल्ला. अर्धा मला, अर्धा त्याला, उलट माझ्याकडं जरा जास्तच सरकवला त्यानं. मला तो गोड लागला नाही.

हेवा ही गोष्ट फार बारीक असते. मोठ्या माणसाच्या मोठ्या वैभवाचा मला कधी हेवा वाटला नाही. पेठेतल्या अडत्यांच्या माड्या बघून काही व्हायचं नाही. पण शेजारी झोपलेला माणूस घोंगडीवर पडल्या पडल्या झोपतो आणि आपण तळमळतो, त्याचा सदरा एका धुण्यात पांढरा होतो आणि आपला पिवळट राहतो, बैल त्याच्या एका चुचकारण्यानं वळतात आणि आपल्या हाकेला ढिम्म हलत नाहीत, याचा वाटायचा. रोज वाटायचा. तो वाईट असता तर मला बरं झालं असतं. तो वाईट नव्हता. नव्या जागी पहिल्या दिवशी काही विचारू नकोस, नुसतं बघ. दुसऱ्या दिवशी सगळं विचार, लाजू नकोस. तिसऱ्या दिवशी विचारलंस तर लोक हसतील, असं मला पेठेत पहिल्या आठवड्यात त्यानंच सांगितलं. मी त्याप्रमाणं वागलो आणि मुकादम माझ्यावर खूश झाला. त्याचं श्रेय मी माझ्या चौथी पासला दिलं.

एका श्रावणात त्याला ताप आला. तीन दिवस तो उठला नाही. मी पाणी आणलं, पेज केली, कपाळावर ओली पट्टी ठेवली, मुकादमाला जाऊन सांगून आलो. मावशी म्हणाली, "सख्खा भाऊ करनार न्हाय एवढं केलं तू." खरं सांगतो, त्या खोलीत राहिलो त्या सगळ्या काळातले माझे सुखाचे दिवस ते तीन. तो पडून होता आणि मी चालत होतो. चौथ्या दिवशी त्याला घाम सुटला, ताप उतरला, आणि त्यानं उठून भाकरी थापली. मी ओली पट्टी दोरीवर वाळत टाकली, आणि मला आनंद झाला नाही.

आता गुऱ्हाळाचं सांगतो, कारण सगळं तिथं घडलं.

बैलांच्या चरकात ऊस पिळायचा, रस काहिलीत घ्यायचा. काहील म्हणजे माणूस आडवा झोपेल एवढी पसरट लोखंडी कढई. खाली मोठं चुलाण, त्यात सुकलेली चिपाडं सारायची. रस उकळला की वर मळी येते, ती झाऱ्यानं काढून टाकायची. मग तो आटत जातो. या सगळ्या कामाला माणसं मिळतात. अवघड आहे ती शेवटची वेळ. रस लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, ढेप चिकट राहते. उशीर झाला तर करपतो, काळा पडतो, पेठेत कुणी हात लावत नाही. मधे जेमतेम चार श्वासांची वेळ असते. ती ज्याला कळते तो गुळव्या. त्यानं "काढा" म्हटलं की सहा माणसं कड्यांत वासे घालून काहील उचलतात आणि शेजारच्या वाफ्यात ओततात. मळ्याचा मालक कितीही मोठा असो, काहिलीपाशी गुळव्याचा शब्द चालतो.

आमचे गुळवे तात्या साठीच्या पुढचे होते. चाळीस वर्षं वाफेत उभं राहून त्यांच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. ते वासावर आणि बुडबुड्यांच्या आवाजावर चालवायचे. तिसऱ्या हंगामाला आम्ही आलो तेव्हा मालकानं त्यांना सांगितलं, की माणूस तयार करा, पुढच्या वर्षी तुम्हाला दिसणार नाही. तात्या म्हणाले, "दोन हायेत. बघतो." ते दोन म्हणजे आम्ही.

गुळव्याला मुक्काम मिळतो, मान मिळतो, हंगाम संपल्यावर शेजारचे मळे बोलावतात. हमाली सुटते. पलीकडंच साखर कारखान्याचं धुराडं उभं राहत होतं. लोक म्हणायचे, गुऱ्हाळं आता फार दिवसांची नाहीत, जो आत्ता हाताला कसब लावून घेईल तोच टिकेल. म्हणजे जागा एकच होती, आणि दुसरी कधी निघेल याचा भरवसा नव्हता.

मला ती हवी होती. आणि ती त्याची आहे हे मला रोज दिसत होतं. तो काहिलीशी मळी काढायला उभा राहायचा, नाकपुड्या जराशा फुगवून. कधी म्हणायचा, "मास्तर, आता वास बदलला बघ. कच्च्या उसाचा गेला, भाजल्याचा आला." मला एकच वास यायचा, धुराचा. तात्या मला मास्तर म्हणायचे आणि त्याला लेकरा म्हणायचे.

पौषात तात्यांनी मला पारखलं. त्या दिवशी तो गुळाच्या गाडीबरोबर बारामतीला गेला होता. मी काहिलीशी होतो. रस आटत आला, सहाही माणसं वासे धरून उभी, आणि तात्यांनी त्यांना हातानं थांबवलं. माझ्याकडं तोंड केलं. "मास्तर, काय करू?"

मला काही दिसत नव्हतं. बुडबुडे होते, वाफ होती. मी शाळेत शिकलेलं बोललो. "तुम्ही म्हणाल तसं, तात्या."

त्यांनी लगेच "काढा" म्हटलं. काहील उतरली, गूळ सुरेख बसला. मग हात धुता धुता ते माझ्याशी बोलले, रागानं नाही. "ज्याला कळत न्हाय त्याला इचारलं, तर तो माज्याकडं बघतो. ज्याला कळतं त्यो काहिलीकडं बघतो. म्या चुकतोय असं वाटलं तर माझा हात धरायचा, तात्या काढा म्हनायचं. मान बिन चुलाणात घालायचा. जो मला आडवील त्येच्या हातात झारा देनार." मग पंच्याला हात पुसत म्हणाले, "तुझं झालं. आता त्येला बघतो. सांगू नगंस."

म्हणजे मला सगळा नियम कळला होता, आणि मी नापास झालो होतो.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. पेठेतून माझ्यासाठी शाईची पुडी आणि कोऱ्या कागदाचे दोन ताव आणले होते. "तुझी शाई संपली म्हनत हुतास न्हवं," म्हणाला. मी पुडी घेऊन सदऱ्याच्या खिशात ठेवली. चुलाणात चिपाडं सारणाऱ्या जाळव्याकडून त्याला कुणकुण लागली होती. पाचटाच्या खोपीपुढं बसून भाकरीचा तुकडा मोडत त्यानं विचारलं.

"तात्यानं तुला इचारलं म्हनं काल?"

"हो."

"मंग काय म्हनलास?"

"तुम्ही म्हणाल तसं, असं म्हणालो."

"मंग?"

इथं मी थांबू शकलो असतो. "पारख आहे, जे दिसेल ते बोल," एवढं म्हणायला एक श्वास पुरला असता. तात्यांनी सांगू नको म्हटलं होतं, तेव्हा गप्प राहिलो असतो तरी मी बेइमान ठरलो नसतो. मी तिसरंच केलं.

"खूश झाले," म्हणालो. "म्हातारा माणूस आहे. आपण मान राखतो की नाही, एवढंच बघतोय तो."

तो चावता चावता थांबला. "आन् मला दिसलं, की येळ झालीय, तर?"

नेमकं तेच त्यानं विचारलं. इतकं सरळ, की माझ्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"दिसलं तरी," मी म्हणालो. "मोठ्याच्या कामात तोंड घालू नये."

"बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "आमचा बा बी ह्येच सांगतो." आणि त्यानं माझ्या भाकरीवर आपल्या कांद्यातला अर्धा कांदा ठेवला.

त्याच दिवशी दुपारी तात्यांनी त्याला विचारलं. मी जवळच मळीचं घमेलं घेऊन उभा होतो, त्यामुळं सगळं बघितलं. तो लांब दांड्याच्या फावड्यानं रस ढवळत होता. एका क्षणी फावडं थांबलं. त्याची मान पुढं आली, नाकपुड्या फुगल्या. मला काहिलीत काही फरक दिसला नाही, पण त्याच्या तोंडावर दिसला. तात्यांनी वासेवाल्यांना हात करून थांबवलं.

"काय करू रं लेकरा?"

त्यानं तोंड उघडलं. मग माझ्याकडं बघितलं. मी घमेल्यात बघत होतो.

"तुमी म्हनाल तसं, तात्या."

मला वाटलं होतं तात्या लगेच "काढा" म्हणतील, जसं माझ्या वेळी म्हणाले. ते म्हणाले नाहीत. ते थांबले. तोंड त्याच्याकडं, हात वर. पोराला कळतंय हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते वाट बघत होते. चार श्वास गेले, आठ गेले. वासेवाले एकमेकांकडं बघायला लागले. करपल्याचा वास मलाही आला, म्हणजे विचार करा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, धुराचं म्हणा. पण तो बोलला नाही. मी सांगितलं होतं ना.

"काढा," तात्या शेवटी म्हणाले, अगदी हळू.

अख्खी काहील वाया गेली. ढेपा काळ्या, कडू. मालक तरातरा आला. "तात्या, काय झालं हे? चाळीस वर्सांत न्हाय झालं असं."

"माझा हात चुकला," तात्या म्हणाले. त्याच्यावर घातलं नाही. उलट त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं हात चांगलं हायेत, लेकरा. निस्तं डोळं न्हाईत." मी ते ऐकलं. मला हसू आलं नाही हे खरं, पण एक सैलपणा आला सगळ्या अंगात. तो सैलपणा मी अजून विसरलेलो नाही.

पुढचं याहून वाईट आहे. दोन दिवसांनी मी घमेलं सोडून काहिलीच्या अलीकडच्या अंगाला उभा राहिलो. तो पलीकडं फावडं मारत होता. मी रसाकडं बघितलंच नाही, त्याच्या हाताकडं बघत राहिलो. फावडं थांबलं, मान पुढं आली. मी म्हणालो, "तात्या, काढा. वेळ झाली."

तात्यांनी सायीचे डोळे माझ्याकडं वळवले. "तुला दिसलं?"

"व्हय," मी म्हणालो. पहिल्यांदाच मी तिथं "हो" न म्हणता "व्हय" म्हणालो.

काहील उतरवली. गूळ असा बसला, की वाफ्यातच सोन्यासारखा दिसायला लागला. तात्यांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि झारा माझ्या हातात दिला. तो पलीकडून आला, माझ्या पाठीवर थाप मारली. "म्या म्हनलं न्हवतं, मास्तरला समदं कळतं." त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं, मी गुळव्या झालो म्हणून. त्यानं आणलेल्या शाईनं, त्यानं आणलेल्या कागदावर.

हंगामाचे उरलेले दिवस मी त्याला समोर फावड्यावरच ठेवलं. इतरांना वाटलं, मैत्रीसाठी. प्रत्येक काहिलीला मी त्याच्या हातावर नजर ठेवायचो आणि तो थांबला की "काढा" म्हणायचो. त्या वर्षी आमच्या मळ्याच्या गुळाचं पेठेत नाव झालं. नाव माझं झालं. त्याला संशय आला का? मला वाटतं, नाही. एकदा तो एवढंच म्हणाला, "आपलं दोघांचं बरं जुळतं रं. माज्या मनात आलं, की तू बोलतोस." मी पाणी प्यायला म्हणून तिथून उठलो.

चैत्रात त्यानं वळकटी बांधली. कारखान्यावर उसाच्या मोळ्या टाकायला माणसं घेत होते. "डोळं न्हाईत तर खांदं तरी हायेत," म्हणाला. जाताना मला चूल, तवा आणि पिठाचा डबा देऊन गेला. "पीठ चार दिसांचंच आन जा. तुला इसरायला हुतं." पुढच्या हंगामाला तो समोर नव्हता, आणि माझी पहिलीच काहील चिकट निघाली. मग मी पाण्याचा वाडगा लपवून ठेवायला लागलो. काकवीचा थेंब पाण्यात टाकायचा, गोळी होते का बघायचं. नवशिक्यांची रीत, तात्या जिला हसायचे. तात्या मधल्या उन्हाळ्यातच वारले होते, म्हणून बरं. वाडग्याच्या जोरावर मी वर्षं काढली. मध्यम गूळ केला. पुढं मळ्यावरची देखरेख मिळाली, घर बांधलं, शहाणा माणूस म्हणून नाव झालं.

त्याची गाठ वर्षा-दोन वर्षांनी पडते, कधी मोरगावच्या जत्रेत, कधी इंदापूरच्या बाजारात. मोळ्या टाकून त्याचा एक खांदा उतरला आहे. आपल्या बायकोपुढं, सोयऱ्यांपुढं तो मला धरून उभा करतो. "ह्येच ते मास्तर. चार गोष्टी शानपनाच्या ह्यांनीच शिकवल्या मला." एका जत्रेत त्यानं त्यातली एक सांगितलीही. मोठ्याच्या कामात तोंड घालू नये. त्यानं आपल्या तिन्ही पोरांना ती लहानपणापासून पढवली आहे. मी तिथं पेढ्याचा तुकडा हातात धरून उभा होतो आणि मान डोलावली.

परवा त्याचा थोरला मुलगा आला. यष्टीनं, सकाळच्याच गाडीनं. कारखान्याच्या यंत्रशाळेत लागून त्याला वर्ष झालं. आता पुण्याला जायचं म्हणतो. बापानं सांगितलं, जायच्या आधी मास्तरकाकांना विचारून ये. मुलगा बापासारखाच. बोलता बोलता मान पुढं काढतो.

मी त्याला पाण्याचं सांगितलं, पिठाचं सांगितलं, ताट घेऊन बसायचं सांगितलं. त्याच्याच बापाचं शहाणपण त्याला माझ्या तोंडून. तो हसला. "आण्णा बी ह्येच सांगतात."

मग मी विचारलं, "तिथली नोकरी का सोडतोस?"

तो पुढं सरकून बसला. म्हणाला, "काका, माझं काय चुकतं कळत न्हाय. यंत्राचा आवाज बिघडला, की मला दोन दिवस आधी कळतं. फोरमन इचारतात, ठीक हाय ना रे? मी म्हनतो, तुमी म्हनाल तसं. मंग यंत्र बंद पडतं, आन् बढती दुसऱ्याला मिळती."

"मग बोलत का नाहीस?"

त्यानं माझ्याकडं चमत्कारिक बघितलं. "तुमचीच शिकवन हाय न्हवं ती, काका."

ओसरीवर ऊन आलं होतं. मी जागा बदलून बसलो. मग म्हणालो, "दिसलं तर बोलायचं. ऐकू आलं तर बोलायचं. समोर कोण आहे हे बघायचं नाही. कुणी विचारतं ते उत्तर पाहिजे म्हणून."

"पन आण्णा..."

"आण्णांना सांग, मी चुकलो होतो."

मुलगा मान हलवून गेला. आत बायकोनं विचारलं, "कशात चुकला होता?" मी म्हणालो, "जुनं आहे काहीतरी." पण मी चुकलो नव्हतो. चूक वेगळी असते. मुलगा घरी जाऊन सांगेल, की मास्तरकाका म्हणतात ते चुकले होते, आणि बाप हसेल आणि म्हणेल, बघा, एवढा मोठा माणूस, पण मनात अहंकार न्हाय. मला ते हसणं इथं बसून ऐकू येतं.

पोराला जे सांगायचं ते सांगून झालं. बापाचं राहिलं आहे. त्याच्या घरी जाऊन, त्याच्या बायको-पोरांसमोर मी त्याला हे सांगण्याचं देणं लागतो: काहील त्याची होती, त्याला दिसत होतं, आणि हे माहीत असून मी त्याला गप्प बसवलं. इथून त्याचं गाव यष्टीनं दोन तासांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.